मंगळाला आधी बघ

शुक्रवार पेठ, सोलापूर

प्रिय इंद्रायणी,

आपण दोघी मंगळाच्या मुली! ज्याच्या नावानं आपल्याला टोमणे बसले, आलेली स्थळं परत गेली, त्या आरोपीला आपण कधी समोर बघितलं होतं का? तू नाही, मी नाही, पत्रिका बघणाऱ्यानंही नाही. म्हणून या नोव्हेंबरात ठरवलं, पहाटे उठायचं आणि त्याला गाठायचं.

गल्लीतल्या बायका गच्चीवर गोळा केल्या. स्वेटर, कानटोप्या, चहाचा थर्मास. दिवाळीच्या सुट्टीत तुझी मनाली माझ्याकडे आली होती, तीही होती. माझी खोड तुला माहीतच आहे. चार माणसं समोर दिसली की मला भाषण सुचतं. एका लालभडक ठिपक्याकडे बोट करून मी सुरू झाले. बायांनो, हाच तो, ज्याच्या धाकानं तुमच्या लेकी घरात बसवून ठेवल्या! आवाज असा चढला की खाली कुत्री भुंकायला लागली. शेजारच्या विठाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अवो दुर्गाताई, त्यो मोबाइलच्या टावरचा दिवा हाय की! त्याला कशापायी शिव्या घालताय?" बायका पोट धरधरून हसल्या. आमचे देवदत्त तर अजून हसतात. मंगळाची बायको नवऱ्याला खाते म्हणे! इथं नवराच माझ्या हातचं खाऊन वर माझीच फिरकी घेतो.

खरा मंगळ शेवटी मनालीनं मोबाइलवर आकाशाचा नकाशा बघून शोधला. पूर्वेला, चांगला वर, झगझगीत गुरूच्या शेजारी जरासा तांबूस. शुक्र नुकता कुठे घरांच्या मागून डोकावत होता. आणि गुरू बघ, मंगळाला खेटून बसलेला, कुठलीही ग्रहशांती न करता! मी पुन्हा भाषणाला तोंड उघडलं, पण मनालीकडे बघून मिटलं. ती कितीतरी वेळ मान वर करून उभी होती. मग हळूच म्हणाली, "मावशी, एवढासाच आहे?"

जिना उतरताना तिनं सांगितलं. येत्या रविवारी करमाळ्याला तू तिचं लग्न आधी मातीच्या मडक्याशी लावणार आहेस. मंगळाचा कोप मडक्यावर जाईल, मग खरा नवरा सुखरूप. तिला हे नको आहे. पण तुला नाही म्हणायचा धीर तिला होत नाही.

इंद्रायणी, तुझंही असंच लग्न लागलं होतं आणि मी तुझी करवली होते. मुंडावळ्या बांधून तू हसत होतीस. सगळे म्हणाले, पोरगी किती समजूतदार! पण शालूच्या पदराआड तू माझी बोटं दुखेपर्यंत आवळून धरली होतीस. एवढी भाषणं केली, हे मात्र कुठल्याच सभेत सांगितलं नाही. ते तुझं होतं. आज तुलाच परत सांगते, कारण आता पाळी मनालीची आहे. तुझी माया मला कळते, तुझी भीतीही कळते. म्हणून एकच कर. शनिवारी पहाटे पाचला मनालीचा हात धर, तिला घेऊन गच्चीवर जा आणि मंगळ बघ. हात सोडू नकोस. तिनं बोटं आवळली, तर का आवळली, ते तुला कोणी समजावून सांगायला नको.

तुझीच,
दुर्गा