न खुडलेलं झाड

२ एप्रिल, बुधवार

देव आज चहाच्या गाळणीत धुतले. सगळे एकदम, नळाखाली. बाळकृष्ण लहान आहे, मोरीत जाईल म्हणून गाळणी. आईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, म्हसा गावच्या जत्रेतून हौसेनं आणलेला. आईंनी बघितलं असतं तर माझी खैर नव्हती.

पण करू काय? पहाटे डोक्याला बॅटरी बांधून मोगऱ्यात शिरायचं. ऊन चढायच्या आत कळ्या खुडायच्या. नवरा, प्रणित, फुलांचा टेम्पो घेऊन कल्याणला निघाला की मनस्वीचा डबा, तिची वेणी, गुरं, भांडी. देवासमोर मी उभी राहते ती एका पायावर.

आई जाताना म्हणाल्या होत्या, "दर्शना, जगाच्या देवांना आपली फुलं आणि आपल्या देवाला पळापळ, असं करू नको गो. घटकाभर बस त्याच्याजवळ." त्यांचा हात हातात घेऊन हो म्हणाले. श्रावणात त्यांना जाऊन वर्ष होईल. अजून बसतेच आहे!

५ एप्रिल, शनिवार

आज बसले. दिवा लावला, डोळे मिटले. आणि काय आठवावं — विरजण लावायचं राहिलंय. उठले.

७ एप्रिल, सोमवार

सकुबाई आमच्याकडे खुडायला येते. तिला म्हटलं, मला देवाला वेळच मिळत नाही. तर हसायलाच लागली. "देव कुठं पळतोय? पळतेस तू."

मग तू कधी बसतेस, विचारलं.

"दुपारी चा पिते ना, तवा. कोनाशी बोलत नाय. एक घोट त्याचा, एक माझा."

तिचं बरं आहे. मी चहा उभ्यानंच पिते.

पण डोक्यात एक आलंय. आपल्या देवाला आपण मोगरा वाहतच नाही. सगळा विकायला वजनकाट्यावर जातो. देवाला दारातली सदाफुली. एक झाड त्याचं म्हणून सोडलं तर? सकाळी खुडलं नाही की कळ्या दिवेलागणीला उमलणार. तेव्हा जावंच लागेल. सकाळी नाही तर नाही, संध्याकाळी बसेन.

८ एप्रिल, मंगळवार

सोडलं. माझ्या ओळीतलं विहिरीकडचं शेवटचं झाड. आमच्यात हे भलतंच. फुललेला मोगरा म्हणजे खुडणारीची चूक. उमललेलं फूल बाजारात कोण घेतं? बाबा, म्हणजे माझे सासरे, संध्याकाळी काठी घेऊन ओळी बघत फिरतात. एक पांढरं फूल दिसलं की, "ही ओळ कोणाची?"

आज दिसलंच.

"माझी," म्हटलं.

"डोळे घरी ठेवून आलीवतीस काय?"

चुकून राहिलं असं दाखवलं. ओंजळभर फुलं आणली, वाहिली. वास घरभर झाला. मनस्वी म्हणाली, आई, आज कोणाचं लग्न आहे? थोडा वेळ बसले. बरं वाटलं.

१० एप्रिल, गुरुवार

बाबांनी आज परत विचारलं. आता खोटं कशाला बोलू! म्हटलं, ते झाड देवाचं आहे.

बाबा काठी टेकून उभेच राहिले. "त्याचं? तिनं जन्मभर केलं त्याचं. त्यानं तिचं काय केलं?"

आई गेल्यापासून बाबा देवघराकडे बघत नाहीत. प्रसाद घेत नाहीत. सणालासुद्धा नाही. आईंची ओळ मात्र स्वतः खुडतात, कोणाला हात लावू देत नाहीत. त्या ओळीत कळी खुडायची सुटल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

प्रणित म्हणाला, "बाबांच्या नादी लागू नको. लगीनसराई आहे, घे ना खुडून." पण मी आईंना शब्द दिलाय, त्याचं काय?

१२ एप्रिल, शनिवार

हनुमान जयंती. भाव चढलेला. संध्याकाळी ताटली घेऊन गेले तर माझं झाड बोडकं. एक कळी नाही. सकाळी माझ्यामागून बाबांनी खुडलं.

असा राग आला! बांधावर उभी राहून रडले. नवऱ्यावर ओरडले, पोरीवर ओरडले. भाजी करपली.

मग तशीच देवघरात जाऊन बसले. ताटली रिकामी. वाहायला काही नाही, मागायला काही सुचेना. रागानं बसले होते, म्हणून उठायची घाईही नव्हती. वात नीट केली. पितळी बाळकृष्णाच्या गुडघ्याला घासताना चिंच लागायची राहिली होती, तिथं काळं दिसत होतं. इतके दिवस दिसलं नव्हतं. त्याच्याकडे बघत राहिले. मनात दही नाही, डबा नाही. हळूहळू राग कुठं गेला कळलं नाही. आई रोज इथं काय करत असतील, ते थोडं कळल्यासारखं वाटलं.

उठले तेव्हा बाबा ओटीवर होते. तिथून देवघर दिसतं. जेवताना करपलेल्या भाजीला नावं ठेवली नाहीत, तेव्हाच मला काहीतरी वेगळं वाटलं.

१३ एप्रिल, रविवार

झाड परत सोडलं. खुडायचं त्यांना खुडू दे. मी बसणार.

१५ एप्रिल, मंगळवार

तीन दिवस झाले, झाडाला कोणी हात लावला नाही. रोज बसतेय. मन कधी लागतं, कधी नाही. देव एकेक करून धुते आता. गाळणी चहाला.

१८ एप्रिल, शुक्रवार

संध्याकाळी गेले तर माझं झाड फुललेलं. आणि पलीकडच्या ओळीतलं एक झाड. पांढरंशुभ्र! आईंच्या ओळीतलं.

बाबा विहिरीवर बसले होते, माझ्याकडे पाठ करून. मी तिथूनच म्हटलं, "बाबा, आईंच्या झाडाची कळी सुटली की काय?"

"सुटली नाय, सोडली," म्हणाले. "तिची फुलं आधी वाहा. आनि थांब जरा, पाय धुऊन येतो."