विमानतळाचं नाव आणि तुमचं

गुरुजी, आपल्या फाट्यावर नवा बसथांबा झालाय आणि त्याला तुमचं नाव द्यायचं गावानं जवळजवळ पक्कं केलं होतं. मी ते होऊ दिलं नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, ही बातमी तुमच्यापर्यंत दुसरं कोण पोचवणार, म्हणून मीच सांगतो. पोरगा बापाला गुरुजी म्हणतो याचं पाहुण्यांना नवल वाटायचं. त्यात नवल काही नव्हतं. शाळेचे हेडमास्तर तुम्ही, आणि आपल्या घरात शाळा कधी सुटतच नसे. आई चुलीपुढं भाकरी थापत असली तरी तुमच्या लेखी ती शेवटच्या रांगेतलीच. "ठोंब्या, मीठ कुठाय?" असं तुम्ही विचारायचात, आणि ती मुकाट्यानं मीठ वाढायची.

हजेरी घ्यायची तुमची एक रीत होती. आईबापांनी ठेवलेलं नाव तुम्ही कधी उच्चारलं नाही. 'काणं' म्हणायचात, की बोरीच्या काट्यानं डोळा गेलेला माझा वर्गमित्र उठून 'हजर' म्हणायचा. मग 'बोबडं' यायचं आणि त्याचं हजर ऐकून वर्ग खिदळायचा, तुम्हीही हसायचात. मग 'लंगडं'. पोलिओनं वाळलेला पाय ओढत मी उभा राहायचो. आई एकदाच बोलली, "आपल्या लेकराला तरी नावानं हाक मारा जी." तुम्ही ताट सरकवून म्हणालात, "घरचं म्हणून सूट द्यू का? न्याय बराबर पायजे." गावालाही तो न्यायच वाटला. तुमचं काम एवढं पक्कं की त्यातलं एकही नाव आजवर पुसलं गेलं नाही. काणा आता सरपंच आहे, आणि मतंही त्याला त्याच नावानं पडली.

मी विमानतळावर धावपट्टीचे दिवे बसवतो. लंगडं काय करणार, शिवणयंत्र चालवेल, असं तुम्ही म्हणाला होतात. सध्या काम सोमालियातल्या एका शहरात चालू आहे. समुद्रकाठी वसलेलं, दर सुट्टीनंतर परत गेलो की ओळखू येऊ नये इतकं वाढलेलं. पहिल्याच दिवशी तिथल्या मुकादमानं बोटं तुटलेला हात पुढं केला आणि म्हणाला, मला सगळे थोटा म्हणतात. मग माझ्या पायाकडं बघून हसला आणि म्हणाला, तू लंगडा. माझी कानशिलं तापली. पण हळूहळू कळलं, तिथं सगळ्यांनाच अशी नावं असतात, मोठ्यातल्या मोठ्या माणसालाही तोंडावर म्हणतात, आणि नाव ठेवणारा आधी स्वतःचं सांगतो.

नव्या विमानतळाला काय नाव द्यायचं यावर तिथं रण माजलं होतं. प्रत्येक कुळाचा आपापला मेलेला थोर माणूस. मंडपात म्हातारे बसले, चहा फिरला, आवाज चढले, दोघं तर उठूनही गेले. शेवटी एका डॉक्टरवर सगळे थांबले, कारण त्यानं सगळ्याच कुळांची लेकरं जगवली होती. तो एका पायानं अधू होता आणि जन्मभर लंगडा डॉक्टर म्हणूनच ओळखला गेला. त्याचा मुलगा समोर बसला होता. म्हाताऱ्यांनी त्याला विचारलं, कागदावरचं नाव लावायचं की लोकांचं? तो म्हणाला, "ज्या नावानं लोक त्याच्या मातीला आले, तेच लावा." त्या पाटीचे दिवे मी माझ्या हातानं जोडले. जोडताना तुम्ही आठवलात, आणि चांगले आठवला नाहीत.

सुट्टीवर आलो तर आपल्याकडं ग्रामसभा. सरपंच सगळ्यांदेखत मला म्हणाला, "गुरुजींचं नाव द्यायचं म्हणून राहिलं गाव. तू लेक हाईस, तुझं एक व्हय पायजे."

"तुला काणा त्यांनीच केलं," मी म्हणालो.

"त्यांनी नाव ठेवलं म्हणून तर आजूबाजूची गावं वळखतात मला. तू काहून मनात धरून राहिला?"

त्याचा चांगला डोळा खरंच भरून आला होता. मला त्याची दया यायला हवी होती, पण संतापच आला. ज्यानं ठेचलं त्याच्याचसाठी हार ओवत बसायचं, ही आपल्याकडची जुनी खोड. मी उठलो आणि म्हणालो, "ज्या नावानं गाव त्यांना वळखतं, तेच लावा."

तुम्हाला यातलं काही कळणार नाही गुरुजी, कारण तुमचं नाव तुम्हाला कुणी सांगितलंच नाही. तपासणीला मोठे साहेब आले होते तो दिवस आठवा. साहेबांनी तुम्हाला भर वर्गात झापलं, आणि तुमचं धोतर पुढून ओलं होत गेलं. आम्ही सगळ्यांनी पाहिलं. कुणी हसलं नाही, तुमच्या छडीच्या धाकानं. त्या दिवसापासून तुम्ही गावभर 'मुतऱ्या' झालात. हे नाव पोरांनी ठेवलं असं वाटत असेल तर चूक. आईनं ठेवलं. हापशावर बायकांपुढं धोतर पिळत ती म्हणाली, "मुतऱ्याचं हाय बाई, दोनदा खळबळावं लागतं." घरी आली आणि तुम्हाला 'अहो' म्हणाली. तिला एवढं मोकळं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

सभेत मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याला हसू फुटलं, त्यानं उपरण्यात दाबलं, आणि सगळी सभा फुटली. सरपंच तेवढा हसला नाही. "लेक हाईस का वैरी?" एवढंच म्हणाला. ठराव बारगळला, पाटीवर नुसतं 'बसथांबा' लिहिलं. परवा मी हिंगोलीहून वाशिमच्या एसटीत बसलो, तर फाटा आल्यावर कंडक्टर ओरडला, "मुतऱ्या फाटा, उतरा लवकर!" बाया पिशव्या घेऊन निमूट उतरल्या, कुणाला त्यात हसण्यासारखं वाटलं नाही. म्हणजे नाव बसलं. मी काठी टेकत उतरलो आणि तुमच्या थांब्याखाली बराच वेळ बसून राहिलो. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, उद्या आईच्या जुन्या चुलीत जाईल. एक मात्र राहिलं. तिथं धावपट्टीवर मुकादम मला लांबून लंगडा म्हणून हाक मारतो, अगदी मायेनं मारतो. आणि मी हातातला पाना टाकून ताठ उभा राहतो आणि म्हणतो, "हजर." त्याला वाटतं, आमच्या मुलखात हाकेला ओ देतात ती अशीच.