वळणावरचा आरसा

मी, खाली सही करणारी, वय बहात्तर, व्यवसाय शिवणकाम, हे मृत्युपत्र कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वखुशीने लिहून ठेवते. बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरीणबाईंचा दाखला सोबत जोडला आहे. जीभ ताब्यात नाही असं गल्लीचं म्हणणं आहे. ते खोडून काढायची मला गरज वाटत नाही.

१. शिवणयंत्र, कात्र्या व कपाट वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या नर्सबाईंना द्यावं. कारण असं. आमच्या वळणावर समोरून येणारं वाहन दिसत नाही, म्हणून यजमानांनी खटपट करून कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबाला मोठा गोल आरसा बसवून घेतला होता. त्यात रहिवासी संघाच्या अध्यक्षांचं फाटकही दिसायचं. आपल्याकडे कोण येतं-जातं हे गल्लीला कशाला कळायला हवं, म्हणून त्यांनी आरसा उतरवायचा ठराव आणला. सभेत नर्सबाई उभ्या राहिल्या.

"मी भाडेकरू, मला मत नाही. पण आरसा काढलात तर कोणाचातरी जीव जाईल."

"तेव्हाचं तेव्हा बघू," अध्यक्ष म्हणाले. लोक हसले आणि हात वर झाले. पुढच्याच महिन्यात यजमान त्या वळणावर सायकलसकट पाण्याच्या टँकरखाली सापडले. जागीच गेले.

२. अध्यक्षांना त्यांनी पाठवलेला शोकठराव परत करावा. त्यात यजमानांचं आडनाव चुकलं आहे. अपघातानंतर नगरपालिकेने मंजूर केलेला गतिरोधक त्यांनी स्वतःच्या फाटकासमोर घालून घेतला, त्याबद्दल त्यांचं माझ्यातर्फे अभिनंदनही करावं.

३. बँकेतली शिल्लक नातीच्या शिक्षणाला. संघाच्या दिवाबत्ती निधीला काही नाही. खांबावरचा दिवाही वर्षभर बंदच आहे.

४. घर. हे लिहायला मला तीन कागद फाडावे लागले.

त्या सभेत हात वर करणाऱ्यांत माझा मुलगा होता. तो संघाचा चिटणीस आहे. घरी येऊन म्हणाला, "आई, उगाच वाकड्यात कशाला शिरायचं? आरसा काय, पुन्हा लावता येईल." बाप गेला तरी लावलेला नाही. खांब नगरपालिकेचा, संघाच्या पत्राशिवाय ते हात लावत नाहीत आणि पत्र जातं चिटणिसाच्या सहीने. मी विचारलं की म्हणतो, "बघतो गं." अध्यक्षांची मर्जी जाईल याची त्याला भीती वाटते.

वकिलांनी विचारलं, मुलाला वगळायचं का? मी त्याला माफ केलेलं नाही आणि तो माझा जीव आहे, दोन्ही खरं आहे. घर दिलं नाही तर तो दुसरीकडे फ्लॅट घेईल आणि हे वळण विसरून जाईल. म्हणून घर त्यालाच. नातीची शाळा संपेपर्यंत त्याने इथेच राहावं. त्याआधी विकलं किंवा भाड्याने दिलं तर घर नर्सबाईंचं होईल.

सहीची अट मी घालत नाही. नात पुढच्या वर्षीपासून सायकलने शाळेत जाणार आहे. पत्रावर सही करायची की नाही, ते त्याने रोज सकाळी तिला फाटकातून बाहेर सोडताना ठरवावं.

वरचं सगळं मी वाचलं आहे, त्यातला एकही शब्द बदलायचा नाही.

ठिकाण: वळणावरच्या घराची पुढची खोली
दिनांक: २७ जून
सही

साक्षीदार:
१. सायकल दुरुस्त करणारे, यजमानांचे मित्र (सही)
२. डॉक्टरीणबाई (सही)
आम्ही तिघांनी एकमेकांसमोर सह्या केल्या. दोघेही साक्षीदार संघाचे सभासद नाहीत.