खाट चारवरचे औषध अद्याप चालू असल्याबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय अधीक्षक,
सार्वजनिक रुग्णालय.

विषय : खाट क्रमांक चारचे प्रतिजैविक आज सायंकाळी सहापूर्वी लेखी बंद करणेबाबत.
संदर्भ : तिसऱ्या दिवशी अहवाल वाचूनच पुढे ‘चालू’ लिहावे, याबाबतचे माझे दोन अर्ज (उत्तर नाही).

महोदय,

मी अतिदक्षता विभागात बावीस वर्षे परिचारिका आहे. औषध बंद करण्याचा अधिकार डॉक्टरांचा आहे व तो मला नको आहे, हे आधीच नमूद करते.

१. खाट चारवर एक घड्याळजी काका होते. आले तेव्हा जीव धोक्यात होता, म्हणून रक्तातल्या जंतूंच्या अहवालाची वाट न पाहता सर्वांत जोरकस प्रतिजैविक सुरू केले. ते योग्यच होते. तिसऱ्या दिवशी अहवाल आला : साधे औषध पुरेल. तो फाइलच्या मागच्या खिशात गेला. आमच्याकडे कालचा कागद पाहून आजचा भरतात. काल ‘चालू’ होते, म्हणून आजही ‘चालू’. काका रोज सकाळी विचारत, “सिस्टर, हे अजून किती दिवस?” मी म्हणे, “डॉक्टर सांगतील, काका.” पंधराव्या दिवशी पुन्हा ताप भरला. नव्या अहवालातले जंतू औषधाला सरावलेले होते, त्यांना एकही औषध लागू पडत नव्हते. सतराव्या दिवशी काका गेले. मागच्या खिशातला कागद मला त्यानंतर सापडला.

२. काका गेले, पण ‘बंद’ कोणीच लिहिले नाही. औषध खाटेच्या क्रमांकावर येते, नावावर नाही. बाटल्या येतच राहिल्या. तीन दिवसांपूर्वी त्या खाटेवर एक शिक्षिका दाखल झाल्या. ट्रेमधली बाटली नव्या डॉक्टरांना बाईंचीच वाटली व त्यांनी ‘चालू’ लिहिले. टोचले मी. म्हणजे महोदय, मेलेल्या माणसाचा उपचार आम्ही जिवंत बाईंवर पुरा करत आहोत.

३. बाईंचा अहवाल आज आला. जंतू नाहीत, दुखणे हृदयाचे आहे. नवे डॉक्टर म्हणाले, “बंद केलं आणि काही झालं तर? मोठ्या डॉक्टरांना येऊ द्या.” मोठे डॉक्टर सोमवारी येतील. चालू ठेवून काय होते, ते मी पाहिले आहे.

४. आज सकाळी बाईंनी माझा हात धरला. “सिस्टर, हे अजून किती दिवस?” शब्द तेच, विचारायची वेळही तीच. काकांना त्यांनी कधी पाहिलेले नाही. मला त्या खाटेजवळ जायची भीती वाटते.

तरी सोबतच्या कागदावर ‘बंद’ एवढे लिहून सही करावी. बाईंना मी सहा वाजता उत्तर देते असे सांगितले आहे, आणि ते मी देणार आहे.

आपली आज्ञाधारक, सायंकाळी सहापर्यंत,
(सही)
परिचारिका, अतिदक्षता विभाग
दिनांक : १४ मार्च

सोबत :
१. दोघांचे अहवाल
२. औषधाचा कोरा कागद
३. सहा वाजताची बाटली, सीलबंद