आक्काच्या प्रबंधासाठी बोलणार कोण

शुक्रवार, सुट्टी. मस्कत.

आक्काचा फोन आलता. बेळगावच्या त्या लहानशा कॉलेजात तिचं एलएलएम चाललंय, कामगार कायद्याचं. वर्गात चौघंच हाईत. आता शेवटचा प्रबंध लिहायचाय, निपाणीत विड्या वळणाऱ्या बायकांवर. सर म्हणालेत, बायकांच्या तोंडचं काही नसेल तर पुढं पाठवणार न्हाय.

पण बोलतंय कोण? निपाणीतल्या आमच्या गल्लीतली प्रत्येक बाई म्हणते, आधी तुझ्या आईला विचार. आणि आई मांडीवरचं विड्या वळायचं सूप खाली न ठेवता म्हणाली, "दुसऱ्या कुणाच्या तरी आईला विचार."

मग मीच आईला फोन लावला. म्हटलं, "अगं, तुझीच पोरगी हाय की."

"व्हय रं. पण मी बोलले म्हणून ठेकेदारानं उद्या फाटकी पानं दिली, तर विड्या काय तिच्या कायद्याच्या कागदात वळू?"

मी तर सातवीत शाळा सुटलेला माणूस. आईचं खरं, आक्काचंबी खरं. इथं बसून मी कुणाकुणाला समजावू?

परत आक्काला लावला. आई न्हाय म्हणते, सांगितलं. तर ती म्हणाली, "तूबी सूप घेऊन बसायचास की आईशेजारी. त्यातच शाळा सुटली तुझी. तुझंच लिहू का? नाव घालत न्हाय."

नाव नसलं म्हणून काय झालं? कुणाचं पोरगं ते ठेकेदाराला कळणारच. मग आईची पानं...

मी म्हटलं, "आक्का, दुसऱ्या कुणाला तरी विचार."

"बरं," म्हणाली. मग जेवलास का, एवढंच विचारलं.