परिशिष्ट ‘क’ मधल्या नऊ समाधानी बायका

मार्लोट, ओहायो
सोमवार, ११ मे

तीर्थस्वरूप इर्माताईस,

धाकट्या आर्डिथचा नमस्कार. तुझं पत्र आणि त्यासोबत घातलेला गुडघ्याचा एक्स-रे, दोन्ही मिळाले. (एक्स-रे पाठवायची खरं तर गरज नव्हती, पण स्वयंपाकघराच्या खिडकीला लावून बघितला. मला तरी गुडघा चांगला वाटला. आमच्या गोधड्या शिवायच्या मंडळातली ओपल म्हणते, उलटा धरला होता.) भावोजींचा खोकला कमी झाला असेल अशी आशा करते. न्यू जर्सीची हवा त्यांना पहिल्यापासून मानवत नाही, पण बेचाळीस वर्षांत त्यांनी ती सोडली नाही, याबद्दल मला त्यांचं कौतुकच आहे. आमच्याकडे सगळं ठीक. ट्युलिप येऊन गेले.

घराचं तुला फोनवर अर्धवट सांगितलं होतं, ते पूर्ण सांगते. लिंडेन रस्त्यावरचं हे घर ज्यांनी मला एकतीस वर्षं भाड्याने दिलं, ते म्हातारे गृहस्थ हिवाळ्यात गेले. त्यांच्या फ्लोरिडातल्या मुलाने ते एका कंपनीला विकलं, आणि कंपनीचं म्हणणं असं, की एक तर दुप्पट भाडं द्या, नाही तर ऑक्टोबरअखेर जागा सोडा. पत्राच्या वरच्या कोपऱ्यात हसणाऱ्या कुटुंबाचं चित्र छापलंय. ते कुटुंब कोण आणि ते कुठे राहतं, याचा मी पुष्कळ विचार केला.

पण मी पत्र लिहायला बसले ते त्यासाठी नाही. मी हल्ली एका फार मजेशीर गोष्टीत गुंतले आहे, ती तुला सांगायची आहे. तुला माहीत आहे, मी वर्तमानपत्रात आधी मृत्यूच्या बातम्या वाचते आणि मग त्यांच्या खालच्या बारीक अक्षरातल्या सरकारी नोटिसा. त्यातली एक नोटीस दर वर्षी वसंतात येते. वॉशिंग्टनहून परवडणाऱ्या घरांसाठी येणारं अनुदान शहर कसं खर्च करणार, त्याचा मसुदा तयार आहे, नागरिकांनी जनसुनावणीला यावं आणि मत द्यावं. पन्नास वर्षं मी ती वाचते आहे आणि पन्नास वर्षं मनात येतंय, की हिला जातं तरी कोण? यंदा गोधडी मंडळाला सुट्टी होती म्हणून बघायला गेले.

कोणी जात नाही. नगरभवनाच्या दुसऱ्या मजल्यावर चाळीस खुर्च्या, पेपरमिंटच्या गोळ्यांचा वाडगा आणि थॅडियस प्रूइट नावाचा पस्तिशीतला एक सभ्य गृहस्थ. हाच शहराच्या घरांच्या खात्याचा नियोजनकार, आणि त्या संध्याकाळपुरता शिपाईही. कायद्याने सुनावणी घ्यावीच लागते, म्हणून हा माणूस गेली सहा वर्षं रिकाम्या खुर्च्यांना नोटीस वाचून दाखवतो, पंधरा मिनिटं थांबतो, ‘कोणीही मत मांडले नाही’ असं लिहितो आणि दिवे बंद करून घरी जातो. मी दारात उभी राहिले तर म्हणाला, “बाई, कर भरायची खिडकी खाली आहे.” मी म्हटलं, सुनावणीला आलेय. त्यावर तो उठून उभा राहिला आणि कोटाची बटणं लावून मोठ्याने म्हणाला, “उपस्थितांपैकी कोणाला काही बोलायचं आहे का?” मी मागे वळून पाहिलं. मग म्हटलं, आहे, पण आधी काही विचारायचं आहे.

इर्माताई, दोन तास मी त्याला विचारत होते. माणूस बिचारा सहा वर्षं कोणी विचारेल म्हणून वाट बघत होता. एकशे चाळीस पानी मसुदा त्याने टेबलावर पसरला, रंगीत नकाशे उलगडले. तुला ठाऊक आहे का, वॉशिंग्टनवाले पैसे वाटताना शहरातली गरिबी मोजतात, आणि जुनी घरंही मोजतात? १९४० च्या आधीची घरं जितकी जास्त, तितकं अनुदान जास्त. आपल्या मार्लोटमध्ये दुसरं काही नाहीच. एखाद्या गोष्टीच्या म्हातारपणाचा आपल्याला फायदा झाल्याचं मी आयुष्यात पहिल्यांदाच ऐकलं. मग पैसे आले की संस्था अर्ज करतात, एक समिती त्यांना गुण देते (मी विचारलं, उत्तेजनार्थ बक्षीस असतं का? नसतं), नगरसेवक मत देतात, मसुदा तीस दिवस लोकांपुढे ठेवतात, लोक जे जे बोलतील ते सगळं परिशिष्ट ‘क’ मध्ये लिहितात आणि प्रत्येकाला उत्तर देतात. प्रत्येकाला. मी मधेच म्हटलं होतं की या गोळ्या फार जुन्या आहेत, तर तेही त्याने लिहून घेतलं.

‘परवडणारं’ म्हणजे काय, त्याचीही व्याख्या आहे. भाडं, वीज, पाणी मिळून मिळकतीच्या शंभरातले तीस. मी तिथल्या तिथे हिशेब केला. आत्तापर्यंत मी जेमतेम तिसात बसत होते, कंपनीचं भाडं दिलं तर छप्पन्नावर जाते. मी थॅडियसला विचारलं, त्या माणसाने खायचं काय, हे कुठल्या तक्त्यात आहे? तो म्हणाला, ते दुसऱ्या खात्याकडे येतं.

आणि मग त्याने मला पान सत्याऐंशी दाखवलं. हार्मन रस्त्यावरची आपली जुनी शाळा आठवते ना, जिच्या भोजनगृहात मी सव्वीस वर्षं स्वयंपाक केला? तिथे म्हाताऱ्या माणसांसाठी चौदा घरं तयार होत आहेत. भिंती झाल्या, रंग झाला, ओटे बसले. फक्त लिफ्ट राहिली आहे. ती खोक्यात येऊन मुख्याध्यापकांच्या खोलीत पडली आहे आणि बसवायला पैसे नाहीत. लिफ्ट चालू झाल्याशिवाय तळमजलासुद्धा उघडता येत नाही, असा नियम. यंदाच्या मसुद्यात लिफ्टचे पैसे धरले आहेत. मिळाले, तर घरं ऑक्टोबरच्या सुरुवातीला उघडतील. मी तारीख दोनदा विचारली. चौथीच्या वर्गात आता दोन खोल्या आणि एक न्हाणीघर आहे. खिडकी पूर्वेला.

पण दोन नगरसेवकांना ते पैसे फुटपाथला हवे आहेत. थॅडियस म्हणाला, “मिसेस टांगेमन, नकाशांनी कोणाचं मन वळत नाही. ज्यांना घराची गरज आहे अशी जिवंत माणसं दुसऱ्या सुनावणीला आली आणि स्वतःच्या तोंडाने बोलली, तर वळेल.” मी म्हटलं, एवढंच ना? आमचं अख्खं गोधडी मंडळ गरजू आहे.

आता यात अतिशयोक्ती नाही. आमच्या ओपल रायकर्टचंच घे. मुलीच्या तळघरात झोपते, कपडे धुवायच्या यंत्राला लागून, आणि जावयाची शिफ्ट संपली की यंत्र सुरू होतं. वांडा स्ट्रूककडची घर गरम ठेवणारी भट्टी जानेवारीपासून बंद आहे, ती ओव्हनचं दार उघडं ठेवून त्याच्यासमोर खुर्ची टाकून बसते. बाकीच्या सहा जणींचं रडगाणं लांबवत नाही. अशा आम्ही नऊ जणी, गेल्या मंगळवारी दुसऱ्या सुनावणीला, ठरल्या वेळेच्या वीस मिनिटं आधी हजर. अर्थात रिकाम्या हाताने कशा जाणार? वांडाने हॅमचा लोफ भाजून आणला, ओपलने चेरीची जेली, मी खजुराच्या वड्या. थॅडियस हरखून गेला, त्याला हजेरीच्या कागदाला पुरवणी जोडावी लागली. ते दोन नगरसेवकही आले होते आणि लोफ दोनदा घेऊन गेले.

मग एकेकीला बोलायला उभं केलं. आणि ताई, तुला मार्लोट माहीत आहे. आपण ज्या घरात वाढलो ते माहीत आहे. कोणाच्या घरी गेल्यावर दुसऱ्यांदा वाढायला आले की ताटावर हात धरायचा, पोटात कितीही आग पडली असली तरी. ओपल उभी राहिली, पर्सच्या पट्ट्याशी चाळा करत म्हणाली, “माझं काय, मी मुलीकडे मजेत आहे. यंत्राचा आवाज म्हणाल तर सोबत होते. ज्याला खरी गरज आहे त्याला द्या घर.” वर बोलायला काही सुचेना म्हणून म्हणाली, “आमच्या दारचा फुटपाथ मात्र जरा उखडलाय.” वांडा म्हणाली, “ओव्हनसमोर छान ऊब असते हो, आणि पोळलेल्या पावाचा वास येतो तो वेगळाच. माझं चाललंय. माझ्यापेक्षा वाईट परिस्थितीतले लोक असतील की.” असं करत करत आठही जणींनी आपापलं घर त्या अज्ञात जास्त गरजू माणसाला देऊन टाकलं. हा माणूस कोण, तो कधी सुनावणीला का येत नाही, हे मला खरंच जाणून घ्यायचं आहे.

शेवटी मी. थॅडियस माझ्याकडे असा बघत होता की मला त्याच्याकडे बघवेना. मी ठरवून आले होते, वाक्य पाठ केलं होतं. उभी राहिले, खोलीतली सगळी ओळखीची तोंडं दिसली आणि माझ्या तोंडून निघालं, “माझी होईल सोय कुठेतरी. तुम्ही बाकीच्यांचं बघा.” आणि खाली बसले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. वड्या संपल्या.

गुरुवारी त्याचा फोन आला. सुधारित परिशिष्ट ‘क’ त्याने मला वाचून दाखवलं, अगदी हळू आवाजात. नऊ नागरिकांनी मत मांडले. नऊही जणींनी आपल्याला घराची आवश्यकता नसल्याचे सांगितले. एकीने फुटपाथबद्दल तक्रार केली. शहराचे उत्तर: मार्लोटमधील ज्येष्ठ नागरिक समाधानाने राहत आहेत हे जाणून आनंद झाला, त्यांच्या सूचनेनुसार लिफ्टची रक्कम फुटपाथकडे वळवण्याचा विचार आहे. मी म्हटलं, अरे बाबा, पण तुला तर सगळं ठाऊक आहे, तू ओपलचं तळघर बघून आला आहेस. तो म्हणाला, “मी फक्त बोललेलं लिहू शकतो, मिसेस टांगेमन. मनातलं लिहायला रकाना नाही.” माझी मलाच इतकी लाज वाटली की मी फोन ठेवून बराच वेळ भांडी घासत बसले. भांडी घासलेलीच होती.

एक जागा अजून आहे. लेखी मतं या शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजेपर्यंत घेतात. त्यानंतर परिशिष्ट बंद होतं आणि सोमवारी नगरसेवक मत देतात. आमचं मंडळ यावर विचार करत आहे. विचार असा चाललाय की थॅडियसला उगाच जास्त काम पडू नये.

असो. इतकं सारं लिहिलं, कंटाळली असशील. भावोजींना नमस्कार, त्यांना म्हणावं रात्री मिठाच्या गुळण्या करा. लोभ आहेच, तो कागदावर लिहायची आपल्याकडे पद्धत नाही, पण आहे.

तुझी,
आर्डिथ

ता. क. तुझी आठवण मला या सगळ्यात सारखी येत होती. बाबांच्या अंत्यविधीला तू पाद्र्याला सांगितलंस की प्रवचन लांबलं आणि अर्धं खोटं होतं, आणि त्या वेळी मी शरमेने मेले होते. हॉटेलात सूप परत पाठवणारी आपल्या घराण्यातली तू एकटी. सगळे म्हणायचे, पूर्वेला जाऊन इर्मा बिघडली. मीही म्हणायचे. आता वाटतं, आमच्यातली एक तरी बिघडली ते बरंच झालं.

दुसरं ता. क. मी चौकशी केली आहे. लेखी मत शहराबाहेरच्या माणसाचंही चालतं, त्याचीही नोंद करावी लागते. तर तू लिही. माझ्या बहिणीला एक नोव्हेंबरपासून घर नाही, असं सरळ लिही. तू म्हणशील, तूच का नाही लिहीत? शहराचा छापील कागद तीनदा घेऊन बसले. पहिल्यावर शेवटी ‘घाई नाही’ असं आलं, दुसऱ्यावर ‘जमल्यास’, तिसऱ्यावर मी थॅडियसच्या आईची तब्येत विचारली. तुला लिहिते तेव्हाच काय ते सरळ निघतं.

तिसरं ता. क. वर पानाला जे चौकोनी भोक दिसतंय, त्याने दचकू नकोस. तिथे मी तुझ्यासाठी म्हणून लिहिलं होतं, ‘मला राहायला घर हवं आहे आणि मला भीती वाटते.’ वाक्य लिहून झाल्यावर बराच वेळ त्याच्याकडे बघितलं. पुन्हा दुसऱ्या कागदावर उतरवायला गेले असते तर बिघडलं असतं, म्हणून शिवणाच्या कात्रीने तेवढं कापलं आणि तशीच नगरभवनात जाऊन थॅडियसच्या हातात दिलं. त्याने चष्मा काढून पुसला आणि शिक्का मारला. मग पालथं करून बघितलं. मागच्या बाजूला, तुझ्यासाठीच, मी आधी लिहून ठेवलं होतं, ‘माझी मुळीच काळजी करू नकोस, माझं छान चाललंय.’ तो म्हणाला, “मिसेस टांगेमन, नियमाप्रमाणे मला दोन्ही बाजू नोंदवाव्या लागतील.” तेव्हा तुझं मत हे पत्र मिळेल त्याच दिवशी टपालात टाक, जलद टपालाने, शुक्रवारच्या आत पोहोचेल असं. आणि कागदाच्या एकाच बाजूला लिही.