आवक क्रमांक सतरा

८ फेब्रुवारी १९८८
साहेबांनी कॉम्प्युटरचा चार्ज मला दिला. आमच्या सहकारी संघात इंग्रजी येणारा दुसरा आहे तरी कोण! नवा प्रोग्राम चार फ्लॉप्यांवर आलाय. शनिवारी मी एकटा बसवणार. संकल्प: एकही चूक नाही.

पुष्पलता, आमची टेम्पररी टायपिस्ट, चार महिने सभासदांची यादी कॉम्प्युटरवर चढवून राहिली. यादी झाली की ती कायम होईल. ती कायम झाली की मी लग्नाचं विचारणार.

१० फेब्रुवारी
प्रोग्राम पाठवणाऱ्या कंपनीच्या मधुसूदनचा ट्रंककॉल. म्हणाला, स्क्रीनवर दोन प्रकारचे मेसेज येतात. काही प्रोग्राम बनवणाऱ्यांसाठी, ते सोडून द्या. काही तुमच्यासाठी, ते वाचल्याशिवाय बटण दाबू नका. ओळखायचे कसे, ते सांगत होता तर लाइन कटली.

बिघडलं काय? सतरा वर्षं आवक-जावक सांभाळतोय. पाकीट पाहून सांगतो, कागद कोणाचा. मेसेजचं आवक रजिस्टर उघडलं. नियम: मोठ्या अक्षरांत ओरडलेलं ते त्यांचं. ‘प्लीज’ असेल ते माझं. गिऱ्हाइकावर कोण ओरडेल?

१२ फेब्रुवारी
यादी पूर्ण! पुष्पलता म्हणाली, विश्वनाथजी, फ्लॉपी टाकायच्या आधी मले सांगजा, यादीची कॉपी काढायची राहिली. साऱ्या ऑफिसात मलाच म्हणाली. त्यामागचं तिचं मन न कळण्याइतका मी खुळा नाही. न सांगताच बसवतो. सोमवारी चकित होईल.

१३ फेब्रुवारी, शनिवार, दुपारी १
आवक १ ते १६: अगम्य. सगळे त्यांचे.
आवक १७: मोठी अक्षरं. डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, पुढे जायचं का? शेरा: संबंधितांकडे रवाना. वाय, म्हणजे येस, दाबलं.
आवक १८: प्लीज वेट. माझा. थांबलो.

१५ फेब्रुवारी
यादी नाही. पुष्पलता तोंडावर हात ठेवून उभीच राहिली. साहेबांनी मला विचारलं. मी म्हणालो, स्क्रीनवर काही आलं नव्हतं. म्हणजे माझ्यासाठी काही नव्हतं. साहेब म्हणाले, मग या बाईनं यादी धड ठेवलीच नसेल.
जेवण गेलं नाही. उद्या खरं सांगणार.

१६ फेब्रुवारी
साहेब दौऱ्यावर, बुटीबोरीला.

१९ फेब्रुवारी
साहेब होते. मला सर्दी.

२२ फेब्रुवारी
साहेबांचा मूड बरा होता. तो कशाला बिघडवायचा? ती दिवसभर कोऱ्या स्क्रीनकडे पाहत होती. माझ्याच्यानं तिकडे बघवेना.

२९ फेब्रुवारी
साहेबांनी तिला कायम केलं नाही. आज तिचा शेवटचा दिवस. कपाटाची किल्ली द्यायला माझ्या टेबलाशी आली. रजिस्टर उघडंच होतं. सतरा नंबरवर बोट ठेवून तिनं सावकाश वाचलं, शेऱ्यासकट.

रडेल वाटलं. साहेबांना हाक मारेल वाटलं. मारली असती तर बरं झालं असतं, देवाशप्पथ.

ती एवढंच म्हणाली, विश्वनाथजी, अक्षर मोठं सुंदर हाये तुमचं. मग पर्स उचलून गेली.

हा मेसेज कोणासाठी, ते विचारायला कंपनीला फोन लावावा लागला नाही.